चार नंबरचा पॉइंट

"बाळा, जेवलास का रे?"

उरुसाच्या बंदोबस्तात माझ्या खांद्यावरच्या वॉकीटॉकीतून आईचा आवाज आला. म्हणजे बंदोबस्तावरच्या सगळ्याच पोलिसांच्या खांद्यावरून आला. चौघांनी तर "हो, जेवलो" असं सांगूनही टाकलं.

आईने तांब्याचा हंडा देऊन भंगारवाल्याकडून पोलिसांचा जुना सेट घेतला होता. मी फोन उचलत नाही, म्हणून दिवसभर त्यावर माझा आवाज ऐकत बसायची. "परवान्याशिवाय हा घरात ठेवणं गुन्हा आहे. तुला आत टाकतील आणि माझी नोकरी जाईल," असं मी बजावलं होतं. "मी नुसती ऐकते," ती म्हणाली होती. आज तिने बटण दाबलं.

साहेबांचा आवाज चढला. "कोणाची आई आहे ही? गुन्हा दाखल करतो! प्रत्येक पॉइंटने सांगा, आवाज ओळखीचा आहे का?"

एक नंबर नाही म्हणाला. दोन नंबरही नाही म्हणाला. तीन नंबर बराच वेळ घुटमळला. खरं तर त्याची आई वारून दोन वर्षं झाली होती. शेवटी तोही नाही म्हणाला.

"चार नंबर?"

"नाही सर!" मी म्हणालो.

संध्याकाळी घरी गेलो. आईने ताट वाढलं.

"सेट विहिरीत टाकला," ती म्हणाली. "तू नाही म्हणालास, ते बरंच केलंस."

मी मान खाली घालून जेवत राहिलो.

"फक्त जरा थांबून म्हणायचं होतंस रे."