एक, दोन, तीन, चार

त्या बहीण-भावाचा बँड जेमतेम सात महिने टिकला. लोकगीतांना गिटारची जोड द्यायची, एवढीच काय ती कल्पना. रेकॉर्ड झालं एकच गाणं. त्याच्या सुरुवातीला ढोल वाजवणाऱ्या दादाचं "एक, दोन, तीन, चार" चुकून तसंच रेकॉर्ड झालं आणि गाणाऱ्या बहिणीने आकाशपाताळ एक केलं. बँड मोडला तो तिथेच.

दादाला जाऊन आज तीन आठवडे झाले होते. तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

ती टॉवेलांच्या घड्या घालत होती, तेवढ्यात स्टुडिओवाल्याचा फोन आला. "ताई, तुमचं जुनं गाणं साफ केलंय. ते सुरुवातीचं मोजणं काढून टाकलं. तुम्हाला तसंच हवं होतं ना?"

"हो," ती म्हणाली. हातातली घडी तिने उलगडली, पुन्हा घातली.

"काढलेलं ठेवलंय ना? मला तेवढंच पाठवा. गाणं नको."