सोनटक्क्याखालची ओल

रविवारी सकाळी चेअरमन शेखर प्लंबरला घेऊन पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात आला, तेव्हा तानुबाई खुरपं घेऊन आधीच तिथे बसल्या होत्या.

कोपऱ्यात सोनटक्का छातीइतका उंच वाढला होता. त्याच्या कडेने लाल कर्दळ. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते, पाऊस कधीच थांबला होता. चिखलीतल्या त्या सोसायटीत दिवसाआड पाणी येई आणि पुढचं लॉन पिवळं पडलं होतं. इथली माती मात्र काळी, ओली होती. पाय ठेवला की ठसा उमटायचा.

"काकू, शेवटचं विचारतो," शेखर म्हणाला. "पाण्याच्या लाइनला कुठे चोरून जोड घेतलाय का? सांगून टाका, विषय संपला. बाहेर जाणार नाही."

"बाहेर गेलाय की," तानुबाई म्हणाल्या. "लिफ्टमधी मी शिरले की समदे गप व्हत्यात."

रोज संध्याकाळी त्या ओंजळभर फुलं मजल्यामजल्यावर देत असत. गेल्या पंधरवड्यात बेल वाजवूनही दारं उघडली नव्हती.

शुक्रवारपासून सोसायटीने मुख्य व्हॉल्व्ह बंद ठेवला होता. गळती असेल तर दोन दिवसांत माती सुकेल, असं कमिटीत ठरलं होतं. दोन दिवस ऐंशी फ्लॅटमधली माणसं गेटवरच्या टँकरमधून बादल्या भरून वर नेत होती. माती सुकली नाही. शेखरच्या मते याचा एकच अर्थ होता. जोड आतल्या लाइनवर नव्हता, रस्त्याखालच्या लाइनवर होता. म्हणजे चोरी आणखी मोठी.

तिसऱ्या मजल्यावरची मिनल रिकामी बादली घेऊन तिथेच उभी होती.

"आमच्याकडे बाळाची दुपटी धुवायला पाणी नाही, आणि इथे बघा, फुलं," ती म्हणाली. "जमीन तुमची होती, मान्य. म्हणून पाणीपण तुमचंच का?"

सोसायटी तानुबाईंच्या शेतावरच उभी होती. बदल्यात त्यांना दोन फ्लॅट मिळाले होते. त्यांनी खुरप्याने कर्दळीखालचं तण उपटलं.

प्लंबर गणराज लातूरकडचा. त्याने कुदळ उचलली, फुलांकडे पाहिलं आणि खाली ठेवली.

"मावशी, कंद फुटतील बघा. साहेब, कडेनं खणू का?"

"कडेनं न्हाई, मधोमध खन," तानुबाई म्हणाल्या. "काय गावलं न्हाई तर म्हनतील, म्हातारीनं फुलांखाली झाकलं."

आणि त्यांनी स्वतःच खुरपं घातलं. पहिला गड्डा मुळांसकट वर काढला, माती झटकली, बाजूला ठेवला. मग दुसरा. कळ्यांनी भरलेल्या दांड्या एकावर एक पडत गेल्या. "राहू द्या, तो काढेल," असं शेखर दोनदा म्हणाला. त्या थांबल्या नाहीत. तासाभरात कोपरा उघडा पडला. कर्दळ तेवढी कडेला राहिली.

मग गणराज खणू लागला. दोन फूट. अडीच फूट. मुरूम निघाला, विटांचे तुकडे निघाले, सिमेंटची कुजलेली गोणी निघाली. पाइप नव्हता. कुदळ दगडावर ठणकली. त्याने हाताने माती सारली. घडीव दगड होता. त्याला लागून दुसरा, मग तिसरा. ओळ गोल वळत होती. आतल्या बाजूला सगळ्यांच्या देखत पाणी चढू लागलं.

गणराज घाईने बाहेर आला आणि त्याने पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

"विहीर आहे ही," तो म्हणाला. "बुजवलेली."

शेखर काठाशी येऊन वाकला.

"अहो काकू, मग आधी सांगायचं ना!" शेखर म्हणाला. "पंधरा दिवस आम्ही पाइप शोधतोय."

तानुबाईंनी खुरप्याची माती अंगठ्याने पुसली.

"काय सांगायचं? दोन फ्लॅटपायी आमीच बुजवली म्हनून?"

"तुम्ही कशाला, बिल्डरने बुजवली असणार."

"त्याची मानसं हात लावंनात. जिती विहीर हाय, म्हनले, आधी मालकानं माती टाकायची." त्यांनी आणखी एक कंद उचलला. "पयलं घमेलं आमच्या मालकांनी टाकलं. दुसरं मी."

शेखरने वर पाहिलं. गॅलऱ्यांतून माणसं वाकली होती. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि लांब जाऊन कुणाशी तरी पंपाचं बोलू लागला.

खड्डा हातभर भरला होता. मिनल बादली घेऊन काठापर्यंत आली. वाकली, आणि तशीच थांबली.

"आजी," ती म्हणाली, "एक बादली घेऊ का?"

तानुबाई कंद ओल्या गोणपाटात गुंडाळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"जरा निवळू दे," त्या म्हणाल्या. "मंग फडक्यातनं गाळून घे."