नाव पुसलेल्या तक्रारी

साहेबांना अकराला फाइल हवी होती आणि संगणकावरचा ऑपरेटर दहापासूनच खुर्चीत चुळबुळत होता. कारखान्यातल्या तीनशे बारा तक्रारी, आणि एकाही माणसाचं नाव दिसता कामा नये. त्यानं पॅटर्न लिहून ठेवले होते: सलग दहा आकडे दिसले की पुसायचे, 'माझं नाव'च्या पुढचे दोन शब्द उडवायचे, हजेरी क्रमांक गाळायचा. बटण दाबलं आणि सगळी फाइल घासूनपुसून लख्ख झाली. स्वारी स्वतःवरच खूश.

सहज म्हणून त्यानं मधलीच एक तक्रार उघडली. 'पाणी प्यायला गेलं तरी सुपरवायझर मिनिटं मोजतो. काल एक बाई चक्कर येऊन पडली, तिला उचलायलाही टेबल सोडू दिलं नाही. मी आपलं सांगून ठेवते हं.'

शेवटचं वाक्य त्यानं पुन्हा वाचलं. ही ताई! पॅकिंगमध्ये चौदा वर्षं काढलेली त्याची सख्खी बहीण. हे वाक्य म्हटल्याशिवाय तिचं बोलणं कधी संपायचंच नाही. सुपरवायझर तर चारचौघांत तिची नक्कल करून दाखवायचा, आणि तो पडला साहेबांचा मेहुणा. नाव पुसून काय उपयोग? अशीच फाइल वर गेली तर ताई उद्या घरी बसणार.

इंटरकॉम वाजला. "झालं का?"

"पाच मिनिटं, साहेब."

घाम पुसत त्यानं नवा पॅटर्न लिहिला: 'सांगून ठेवते', मध्ये कितीही जागा, शेवटी 'हं' असो वा नसो. पुसण्याआधी फक्त शोधून बघितलं.

सेहेचाळीस तक्रारी.

तो डोळे फाडून वाचत गेला. कुणाला पोर आजारी असताना अडवलेलं, कुणाला तापात उभं केलेलं. गाऱ्हाणं प्रत्येकीचं वेगळं, शेवट मात्र सगळ्यांचा एकच. तो तडक जिन्यात गेला आणि फोन लावला.

"ताई, काय करून ठेवलंयस हे? सेहेचाळीस जणी तुझ्यासारख्या बोलतायत!"

"मग? मी एकटीच तशी बोलले असते तर त्या मेल्यानं लगेच ओळखलं असतं. म्हणून पॅकिंगमधल्या सगळ्यांनी ठरवूनच तसं लिहिलं. तू पुसूबिसू नकोस काही."

"अगं, साहेब खवळतील."

"खवळू देत." मग यंत्रांच्या आवाजातून तिनं विचारलं, "किती म्हणालास?"

"सेहेचाळीस."

"अरे, पण पॅकिंगमध्ये आम्ही आहोतच एकतीस."