डावऱ्या हाताचा वस्तरा

तातेरावानं वस्तरा उघडला आणि आधी नाकाशी नेला. गंजाचा वास, आणि त्याखाली जुनं खोबरेल. म्हणजे कोणीतरी तो कधीकाळी जिवापाड जपलेला होता.

"कुठं घावला म्हणलात?"

"कळमनुरीच्या बाजारात, भंगारवाल्याकडं," पाव्हणा म्हणाला. "कोणाचा असंल, सांगता येईल का?"

तातेराव ताठ बसला. हा प्रश्न त्याला कित्येक वर्षांत कोणी विचारला नव्हता. टीव्हीवर त्या नव्या आजाराच्या जाहिराती लागल्यापासून त्याच्या गावात, गोरेगावात, सगळ्यांना ब्लेडच लागायचं, तेही डोळ्यांदेखत फोडलेलं. वस्तऱ्याला कोणी गाल देईना. पण एके काळी भोवतालच्या बारा गावांतला कोणताही वस्तरा हाती द्यावा आणि तातेरावानं मालकाचं नाव सांगावं, अशी गावचा वारीक, म्हणजे न्हावी, म्हणून त्याची ख्याती होती.

शिवाय पाव्हणा हिंगोलीचा. सकाळच्या जीपनं आला होता, म्हणजे संध्याकाळी परत जाणार, आणि तोंड असलेला माणूस गेल्या ठिकाणी बोलणारच. तातेरावाला तेच हवं होतं. गिऱ्हाईक मोहनसिंगाची अर्धी दाढी करून तातेराव चहाला म्हणून उठला आणि घरी येऊन झोपला, एवढ्याशा गोष्टीवरून गावानं त्याला चळलेला ठरवलं होतं. हिंगोलीला राहणारा मुलगा, बालाजी, येऊन हत्यारांची धोकटीच उचलून घेऊन गेला. आता म्हणे तो म्हाताऱ्या आई-बापालाही उचलणार होता. हिंगोलीच्या दोन खोल्यांत, जिथं दारापुढं बसायला ओटासुद्धा नाही. तातेरावाला मरण चाललं असतं, पण ते नको होतं.

तेव्हा आज डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला द्यायचाच, असं त्यानं ठरवलं.

त्यानं रॉकेल मागितलं. बायको शकुबाई उठायच्या आत पाव्हण्यानंच घरात जाऊन बाटली आणली. चौकट बुटकी, नवा माणूस हमखास कपाळ फोडून घेतो. पण हा वाकून गेला आणि वाकून आला. शहाणं पोरगं दिसतंय, असं तातेरावाला वाटलं. शकुबाई चुलीपाशी पदरानं डोळे पुसत होती. धूर फार झाला होता.

पाव्हण्यानं पिशवीतून पॉलिश पेपर काढला, तसा तातेरावानं त्याचा हात धरला. त्यानं गंज जातो खरा, पण त्यासोबत पातंही सोलून निघतं. पातं रॉकेलच्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं. मग चाळलेली राख, तेलाचा थेंब आणि चिंधी. पाठीकडून धारेकडं पुसायचं, उलटं कधीच नाही. धारेखाली बोट नेऊ नका, हे त्यानं पाव्हण्याला दोनदा बजावलं.

चहा आला. शकुबाईनं पाव्हण्याच्या चहात साखरच घातली नव्हती, आणि तो भला माणूस ब्र न काढता प्यायला. तातेराव मनातून ओशाळला.

तासाभरानं पात्याच्या मुळाशी मुकुटाचा शिक्का दिसू लागला. जर्मनीचा माल, तातेराव म्हणाला, निजामाच्या काळात हैदराबादेहून यायचा. मूठ म्हशीच्या शिंगाची. खिळा मात्र मूळचा नाही, तिथं तांब्याची तार ठोकलेली. म्हणजे मालक गरीब, पण कसबी. पातं झिजून अर्धं उरलं होतं, तरी धारेला एक खाच नव्हती. तातेरावाला त्या माणसाचा अभिमानच वाटला.

"आन् मालक?" पाव्हण्यानं पुन्हा विचारलं.

तातेरावानं वस्तरा उन्हात धरला. अंगठा टेकून टेकून मुळाशी लहानसा खळगा पडला होता. पण उजव्या हाताच्या माणसाचा पडतो त्या बाजूला तो नव्हताच.

"डावरा हाय," तो हरखून म्हणाला. "माझ्यावानीच. हे बघा, माझा अंगठा कसा बराबर बसून राहिला."

पाव्हणा जवळ सरकला. "डावरा वारीक या भागात कोण व्हता?"

तातेरावानं डोळे मिटले. नाव अगदी ओठांवर येई आणि मागं फिरे. आज तरी असं व्हायला नको होतं.

"चांगला माणूस व्हता," तो शेवटी म्हणाला. "नाव येईल ध्यानात. पण गेला असंल बिचारा. न्हाईतर वस्तरा बाजारात आला नसता. वारीक जित्ता हाय तवर वस्तरा इकत न्हाई."

शकुबाई उठून आत गेली. पाव्हण्यानं बराच वेळ मान वर केली नाही. एवढ्या लांबून आला आणि नावावाचून जाणार, म्हणून तातेरावाला त्याची कीव आली. निदान हात तरी दाखवावा म्हणून त्यानं वस्तरा तळहातावर वीसेक वेळा परजला, पाव्हण्याचं मनगट धरलं आणि त्यावरचे चार केस अलगद उतरवले. ओरखडा नाही, की हाताला कंप नाही.

"सांगा आता, हात शाबूत हाय का न्हाई?"

"हाय," पाव्हणा म्हणाला.

"मग एक काम करा माझं. हिंगोलीत आमच्या बालाजीचं दुकान हाय, डेपोच्या मागं. त्याला म्हणावं, बाप ठणठणीत हाय, न्यायला येऊ नको. गुणाचं लेकरू हाय ते, त्याची काही चूक न्हाई. पण लई दिस झाले, तोंड दाखवलं न्हाई त्यानं. म्हणावं, नुसतं भेटून जा."

पाव्हण्यानं वस्तरा मिटला, फडक्यात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला.

"सांगतो," बालाजी म्हणाला.