आर्धी डागदर
केसरबाईला नातीचा भारी राग आला होता. पदवी झाल्यावर पोरगी आणखी दोन वर्षं शिकणार, तेही डॉक्टर नव्हे, डॉक्टरची सहायक व्हायला. वर सुट्टीला आल्यापासून फौजदारासारख्या चौकशा लावल्या होत्या. चक्कर कधी येते, झोप लागते का, भाकरी किती जाते.

"कावून गं डोकं खातीस? तालुक्याच्या तीन डागदरांनी दोन मिनिटांत गोळ्या लिव्हून देल्या," केसरबाई फणकारली. "तू आर्धी डागदर, आन् इचारतीस मात्र सोयरीक जमवायला आल्यावानी!"

अस्मितानं वहीतून मान वर केली नाही. "दिवसभरात पाणी किती पितीस, आजी?"

शिरूरहून टँकर आठ दिवसांनी यायचा. सोसायटीला दूध घालायचं तर म्हशीला पाणी पाजावंच लागे. आपल्या वाटणीचं पाणी गुपचूप म्हशीच्या बादलीत ओतलेलं तिनं सुनेलासुद्धा कळू दिलं नव्हतं.

"दोन पेले," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

अस्मितानं वही मिटली, माठातून तांब्या भरून आणला आणि आजीसमोर बसून राहिली. केसरबाईनं तो तळापर्यंत रिकामा केला. पदरानं तोंड पुसलं.

"त्या तिघांनी येकदा इचारलं असतं, तर त्यांलाबी खरंच सांगितलं असतं मी," ती म्हणाली. "तू आर्धीच ऱ्हा, पोरी. पुऱ्या डागदराला इचारायला सवड न्हाई."