जोडाशेजारचा पत्रा

गोदीत ओढून घेतलेल्या बोटीच्या पत्र्यातला तडा मुकादमाने दाखवला, तरी वेल्डर वाकून बघेना. त्याची वहिनी शेजारीच उभी होती. नवऱ्याचं सामान न्यायला आली होती ती. बोट बघितल्याशिवाय जाणार नाही म्हणाली.

तडा वीतभर लांब, करंगळी शिरेल एवढा रुंद.

"एवढ्याशातून?" तिने विचारलं.

वेल्डरने मान डोलावली. बोटीच्या खालच्या खोलीत पाणी भरलं तेव्हा त्याचा थोरला भाऊ, तिचा नवरा, तिथे झोपला होता. पाण्याच्या दाबाने दार उघडलं नाही. वरचे सगळे वाचले.

"तुझा जोड बघ, जसाच्या तसा!" मुकादम समजुतीच्या सुरात म्हणाला. "फाटलाय तो बाजूचा पत्रा. तुला कोणी नावं ठेवणार नाही."

वेल्डरने जोडावरून अंगठा फिरवला. शाबूत होता खरा. पण त्याच जोडाच्या आचेने शेजारचं ॲल्युमिनियम मऊ पडलं होतं, दर दुरुस्तीला आणखी थोडं. हे मुकादमालाही ठाऊक होतं, मालकालाही.

"अख्खा तुकडा काढून नवा बसवावा लागेल."

"वेळ कुठाय? परवा बोट पाण्यात जायचीय. तड्यावर एक जोड मार, रंग फास, मोकळा हो."

"पुन्हा इथंच फाटेल."

"तू नाही केलंस तर दुसरा करेल," म्हणत मुकादम मालकाचा फोन घ्यायला बाहेर गेला.

वेल्डरने कटर उचलला.

"वहिनी, मागे सरा. कीस डोळ्यात जाईल."

पातं त्याने तड्यावर नाही, चांगलं हातभर लांब टेकवलं. कर्कश आवाजाने सगळी गोदी कानठळ्या बसल्यासारखी थबकली. चारी बाजू कापून झाल्या आणि जोडासकट तो पत्रा दाणकन खाली पडला.

मुकादम धावत आला. "अरे, काय केलंस हे? भगदाड पाडलंस! माणूस जाईल एवढं!"

"आता रंगाने झाकता येणार नाही," वेल्डर म्हणाला.

वहिनी पुढे झाली. आत काळोख होता, ओल्या गादीचा कुबट वास येत होता. तिने दोन्ही हात पसरून भोकाच्या कडांना लावले.

"वहिनी, धार आहे. हात कापेल."

तिने हात काढले नाहीत.

"ह्यांचे खांदे रुंद होते, भाऊजी," ती म्हणाली. "पण एवढ्यातून निघाले असते."