काठी उगारलेली वाट

लेकाने शेतातल्या पायवाटेला फाटक ठोकलं, आणि आयुष्यभर तिथून जाणाऱ्यांवर काठी उगारणारी म्हातारी बेचैन झाली. हातात जपमाळ, पण कान वाटेकडे.

गावाने दावा लावला, तसा लेक म्हणाला, "आई, तू यांना कशी हाकलायचीस, तेवढं कोर्टात सांग. मग वाट आपलीच!"

तिनेही घसा साफ करून सांगितलं, "परवानगी? छे! रोज शिव्या घातल्या, तरी मेले रोज तिथूनच गेले."

"म्हणजे परवानगीवाचून, पण राजरोस, वर्षानुवर्षं वापरली," न्यायाधीश म्हणाले. "मग कायद्याने वहिवाट झाली, वाट लोकांच्या हक्काची." लेकाने कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी फाटक निघालं.


पहिली पावलं वाजताच म्हातारी काठी उगारून कडाडली, "मेल्यांनो, होतात कुठे इतके दिवस?"